आश्रमशाळेचं पहिलं वर्ष

सर, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या आश्रमशाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू होताय, तर आधी वसतिगृहात जा, ऑफिस नंतर. जूनमध्ये पहिलीची पोरं रात्री उशीत तोंड खुपसून रडतात. घरी पावरी बोलणाऱ्या पोराला आपली मराठी कळत नाही. त्याच्याच पाड्यावरचा सातवीतला दादा शेजारी झोपवा, आठवड्यात रुळतं.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड कुणाकुणाचं आहे, ते पाठच करा. अशा पोराला रात्री ताप आला, हातपाय दुखायला लागले, तर लगेच दवाखाना गाठा. एकदा मी सकाळपर्यंत थांबलो. पोरगं वाचलं, पण ती रात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

दिवाळीनंतर पट घटतो. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरंही सोबत. म्हणून सुट्टीआधीच पाड्यावर जाऊन बोला. होळी मात्र इकडचा सगळ्यात मोठा सण, तेव्हा घरी जायला कुणाला अडवू नका.