टीव्हीला पीसी जोडलाय, आता रिमोट कोणता घेऊ?

अरे घाई करू नकोस, आधी एवढंच बघ की पीसीवर मुख्य काय चालणारे. फक्त कोडी (Kodi, सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) असेल तर बाण, ओके, बॅक आणि आवाज एवढी बटणं बास, उगाच भरमसाट बटणांचा घेतलास तर अंधारात चाचपडत बसशील आणि घरचे दर वेळी तुलाच हाका मारतील. ब्राउझरपण लागणार असेल तर एअर माउस (हवेत हलवला की पडद्यावरचा बाण हलतो असा रिमोट) बघ, पण मागे छोटा कीबोर्ड असलेलाच, सर्च टाइप करायला तो लागतोच.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं:
– इन्फ्रारेड रिमोट घेतात आणि पीसी ठेवतात बंद कपाटात. रिसीव्हर समोर दिसायला लागतो बाबा. २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाल्याला (रेडिओवर चालणारा, पीसीच्या यूएसबीत छोटा रिसीव्हर लावायचा) ती कटकट नाही.
– पण ते डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये खुपसतात, तिथं त्याच २.४ च्या आसपास गोंगाट होतो आणि बटणं मधेच दाद देत नाहीत. साधी यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टीव्हीखाली आण, विषय संपला.
– टीव्हीच्याच रिमोटने सगळं होईल असं धरून चालतात. ते सीईसीवर (एचडीएमआय वायरीतून रिमोटचे हुकूम पोचवायची सोय) चालतं, रास्पबेरी पायला (छोटा एका बोर्डचा कॉम्प्युटर) आहे, पीसीच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांना नाही.

घरात जुना रिमोट पडला असेल तर फ्लर्कचा यूएसबी रिसीव्हर घे, एकेक बटण दाबून शिकवायचं, पीसीला तो कीबोर्डच दिसतो. मॅक्रो (एका बटणात अनेक कामं) वगैरे नंतर बघू. रिमोट आला की पहिल्याच दिवशी पीसी स्लीपमधून उठतोय का तपास, नसेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारा सेटिंगचा मेनू) यूएसबी वेकचं सेटिंग शोध, रिटर्नची मुदत संपायच्या आत.