‘केंद्र’ हा शब्द ग्रीक आहे हे खरं का? मग तो आपल्याकडे कसा आला?

हो, खरं आहे. इंद्र, चंद्र, मंद्र यांच्या पंगतीत बसलेला पाहून तो संस्कृतच असणार अशी तुमची समजूत झाली, यात नवल नाही. पण संस्कृतात त्याची पटण्यासारखी व्युत्पत्ती लागत नाही. मूळ शब्द ग्रीक ‘केंत्रोन’, आणि तो ‘टोचणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून झालेला. मात्र नुसतं ‘ग्रीक आहे’ म्हणून थांबलं तर या शब्दाची खरी गंमत हातून जाते. तो आपल्याकडे आला तेव्हा ‘मध्य’ या अर्थाने आलाच नव्हता.

ग्रीकांचं केंत्रोन म्हणजे टोचणारं टोक. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या २३व्या सर्गात रथांची शर्यत आहे, तिथे घोड्यांना हाकायची पराणी, म्हणजे टोकदार काठी, ती केंत्रोन. विंचवाची नांगी आणि मधमाशीचा काटाही केंत्रोनच. सोफोक्लीसच्या ‘ईडिपस’मध्ये तिठ्यावरच्या भांडणात म्हातारा राजा लायस, म्हणजे ईडिपसचाच बाप, रथातून ईडिपसच्या डोक्यात दुहेरी टोकाची पराणी हाणतो, तिथे हाच शब्द आहे. आणि नाटकाच्या शेवटाकडे स्वतःचे डोळे फोडून घेतलेला ईडिपस ज्या टोचण्यांनी विव्हळतो, त्यांनाही सोफोक्लीस तेच नाव देतो. मला हे फार विलक्षण वाटतं. बापाच्या हातातली पराणी आणि मुलाच्या डोळ्यांतल्या कळा, दोन्हींना एकच शब्द.

मग टोकाचा मध्य कसा झाला? प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये भोवऱ्याचं उदाहरण येतं: भोवरा सगळा फिरत असतो, पण त्याचं केंत्रोन एकाच जागी रुतलेलं असतं. हे समजायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत, कारण पराणीच्या टोकाला बसवलेला खिळा ती ‘आर’, आणि भोवऱ्याच्या बुडाचा खिळा तीही ‘आर’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच जोडणी केली. कंपासचा एक पाय कागदात रुतवायचा आणि दुसरा फिरवायचा, की जिथे टोचलं ते वर्तुळाचं केंत्रोन. इ.स.पू. ३००च्या आसपास युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने भूमितीच्या व्याख्या लिहिल्या तेव्हा हा अर्थ पक्का झाला होता. लॅटिनमध्ये तो ‘सेंट्रुम’ झाला आणि तिथून फ्रेंच-इंग्रजीतून आपल्याकडे ‘सेंटर’ आला. म्हणजे परीक्षेचं सेंटर आणि परीक्षा केंद्र हे एकच शब्द आहेत, फक्त वेगवेगळ्या वाटांनी आलेले.

आपली वाट ज्योतिषाची. ग्रीक ज्योतिषी आकाशातल्या चार जागांना केंत्रोन म्हणत: पूर्वेला उगवणारा बिंदू, डोक्यावरचा, पश्चिमेला मावळणारा आणि पायाखालचा. आकाश फिरत राहतं, या चार जागा हलत नाहीत. पत्रिकेतलं १, ४, ७, १० हे केंद्रस्थान म्हणतात ते हेच. आपल्याकडच्या पत्रिकेच्या चौकटीत ही चार घरं मधोमध येतात, त्यामुळे ‘मध्यभागी म्हणून केंद्र’ असं सहज वाटतं. पण नावाचा त्या आकृतीशी संबंध नाही. आकाशात पाहिलं तर ही चार टोकं आहेत, मध्य नव्हे. ‘किं कुर्वन्ति ग्रहाः सर्वे यस्य केन्द्रे बृहस्पतिः’ (ज्याच्या केंद्रात गुरू, त्याचं बाकीचे सगळे ग्रह काय करणार) या वचनातलं केंद्र या चारांपैकी कोणतंही चालतं.

आता या सगळ्यातली माझी सर्वांत आवडती ओळ. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर त्याच्या बृहज्जातक या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात या चार स्थानांची नावं देतो: ‘कण्टककेन्द्रचतुष्टयसंज्ञाः’. कंटक, केंद्र, चतुष्टय. चतुष्टय म्हणजे चारांचा गट, ते ठीक. पण कंटक? शुभ मानलेल्या स्थानांना काटा का म्हणावं? माझं मत असं की ग्रीक शास्त्र इकडे आणणाऱ्यांपैकी कुणाला तरी केंत्रोनचा खरा अर्थ ठाऊक होता. त्याने एकदा शब्द जसाच्या तसा घेतला आणि एकदा त्याचं भाषांतर केलं. दोन्ही शेजारीशेजारी टिकले.

केंद्र एकटाही आला नाही. दहाव्या स्थानाचं ‘मेषूरण’, चौथ्याचं ‘हिबुक’, सातव्याचं ‘जामित्र’ ही नावंही ग्रीकच. जामित्र म्हणजे मुळात ‘दियामेत्रोस’, समोरासमोरचं, व्यासाच्या दुसऱ्या टोकाचं. कालिदासाच्या कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीच्या लग्नाची तिथी ‘जामित्रगुणान्वित’, म्हणजे जामित्राच्या गुणांनी युक्त, अशी निवडली आहे. शिवपार्वतीच्या लग्नाच्या मुहूर्तात एक ग्रीक शब्द इतका घरचा होऊन बसला आहे, यावरून तो किती मुरला होता ते कळावं. यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून, हे घेतल्याची लाजही कुणाला नव्हती. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, हे वचन वराहमिहिराच्याच बृहत्संहितेत आहे.

गणित करणाऱ्यांनी मात्र शब्दाला आणखी वेगळं वळण दिलं. सूर्यसिद्धांत या खगोलगणिताच्या ग्रंथात ग्रह आणि त्याचं उच्च (गणितासाठी धरलेला त्याचा संदर्भबिंदू) यांच्यातलं अंतर काढतात, ते अंतर म्हणजे केंद्र. मंदकेंद्र आणि शीघ्रकेंद्र हे त्याचे दोन प्रकार. इथे केंद्र हा बिंदूसुद्धा नाही, तो अंशांत मोजायचा कोन आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ म्हणजे १५२० साली ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्यावरून होत राहिली. ती करणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘केंद्र’ आलं की त्याला हा कोनच म्हणायचा असे.

वर्तुळाच्या मध्याला आपल्या जुन्या ग्रंथांत ‘मध्य’ म्हणून भागत होतं, आणि चाकाच्या मध्याला ‘नाभी’ हा तर वेदांपासूनचा शब्द. भूमितीतलं केंद्र ठळकपणे दिसतं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाच्या ‘रेखागणिता’त. हा ग्रंथ म्हणजे नसीरुद्दीन तुसी या इराणी विद्वानाने अरबीत सिद्ध केलेल्या युक्लिडचं संस्कृत रूप. अरबीत केंत्रोनच्या जागी ‘मरकज’ होता, आणि त्याचा धातूही भाला जमिनीत रोवण्याचा! जगन्नाथाने मरकजसाठी केंद्र वापरला. युक्लिडचा शब्द अरबीत उतरला आणि संस्कृतात आला तेव्हा तिथे त्याचाच सख्खा भाऊ हजार वर्षांपेक्षा जास्त काळ राहत होता.

त्यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे. मराठीत ‘मध्यवर्ती’ आणि ‘केंद्रीय’ बराच काळ शेजारी नांदले. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि मध्यवर्ती कारागृह यांत जुना शब्द टिकला, दिल्लीच्या सरकारला मात्र ‘केंद्र’ चिकटलं. आणि आता तर मध्य हा अर्थही सुटत चाललाय. गावाच्या वेशीबाहेरचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, हमीभावाचं खरेदी केंद्र ही कशाच्याही मध्यावर नसतात. केंद्र म्हणजे काम होण्याची जागा, एवढाच अर्थ उरलाय. दहाबारा शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुखही असाच.