प्रश्न जोंगाचा, घोळ पॉलिसीचा

साताऱ्याहून एका माजी सैनिकाचं पत्र आलं आहे. वय ५७. ईएमईमधून (लष्कराचं वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणारं दल) हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. ती नोकरी येत्या जूनमध्ये संपते. २०१९ मध्ये त्यांनी १९८४ची जोंगा, म्हणजे लष्करातली जुनी जीपसारखी गाडी, दोन लाखांना घेतली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः खपून उभी केली. त्यात वर आणखी साडेपाच लाख गेले. आता कुणीतरी फोनवर तिचे नऊ लाख देऊ म्हणतो आहे. पत्रातला प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "जोंगा विकून लष्कराच्या लिलावातून आलेली निस्सान वन टन गाडी सव्वादोन लाखांना घेऊ का? एफडीतले चार लाख घालून ती तयार करीन. दरवर्षी अशा दोन गाड्या केल्या तर गाडीमागे दीड लाख सुटतील, म्हणजे बँकेतल्या साहेबांनी करून दिलेल्या प्लॅनचा हप्ताही परस्पर निघेल."

हवालदारसाहेब, तुमच्या तीन पानी पत्रात जोंगाबद्दल अडीच पानं आहेत आणि त्या प्लॅनबद्दल हे एवढंच एक वाक्य. मी पत्र तिथेच थांबवून तुम्हाला पॉलिसीचा फोटो पाठवायला सांगितलं, ते यासाठीच. गाडीचं नंतर बोलू.

कागदावर लिहिलंय ते असं. मार्च २०२४ पासून दरवर्षी तीन लाख, दहा वर्षं. मग एक वर्ष काही नाही. २०३५ पासून दरवर्षी पाच लाख दहा हजार, तेही दहा वर्षं. मुद्दल वेगळी परत मिळत नाही, जे काय ते या पाच लाख दहा हजारांतच. दोन हप्ते गेले, तिसरा येत्या मार्चला. "तीस लाखांवर दरवर्षी पाच लाख दहा हजार, म्हणजे सतरा टक्के, तेही करमुक्त" असं साहेबांनी पेन्सिलने कोपऱ्यात लिहून दिलंय. पेन्सिलने, हे लक्षात घ्या. छापील कागदावर सतरा टक्के कुठेही नाहीत, कारण ते नाहीतच.

हिशेब सोपा आहे. तुमचे हप्ते पहिल्या दिवसापासून नवव्या वर्षाअखेरपर्यंत पसरलेत, सरासरी धरली तर साडेचार वर्षांवर. मिळणारे पैसे अकराव्या ते विसाव्या वर्षाच्या शेवटी, सरासरी साडेपंधरा वर्षांवर. म्हणजे तीस लाख अकरा वर्षं ठेवून त्याचे एक्कावन्न लाख होतात. अकरा वर्षांत पैसे दुप्पटही नाहीत, पावणेदोन पटही नाहीत. ७२ला वर्षांनी भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारा दर साधारण कळतो. अकराने भागा: दुप्पट व्हायला साडेसहा टक्के लागले असते. इथे पाच टक्केही जेमतेम पडतात. साध्या एफडीने याहून बरं काम केलं असतं, आणि मधेच गरज पडली तर तिने तुमची मानगूट धरली नसती.

करमुक्तीचं तर हसूच येतं. तुमचं पेन्शन महिना ३१ हजार. नव्या करप्रणालीत आता बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. जो कर तुम्हाला भरावाच लागत नाही, तो वाचवायला हे साहेब तुमच्याकडून वीस वर्षांचा करार करून घेतात. आणि विमा? तो कशासाठी? तुमच्या मागे वहिनींना फॅमिली पेन्शन आहे, दोघांना ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, मुलगी कमावती आहे. पॉलिसी घेतली तेव्हा तुमच्या घराला आयुर्विम्याची गरज नव्हती. शाखेतल्या टार्गेटला होती. ज्या बँकेत सैनिकाचं पेन्शन जमा होतं त्याच बँकेत तो नमस्कार घालून आत जातो, समोरचा खुर्ची देतो, चहा मागवतो. 'साहेब' हा शब्द तुमच्या अंगवळणी पडलाय. समोरचा कमिशनवर काम करतो हे मनात येत नाही, आणि यायला हवं.

पण पाच टक्के हा यातला लहान भाग झाला. खरा प्रश्न असा की हप्ता येणार कुठून? तुमचेच आकडे घेतो. घरखर्च महिना ३६ हजार. पेन्शन ३१. जूनपर्यंत पगारातून निभतंय. जुलैपासून दरमहा पाच हजारांची तूट. त्यात वर्षाला तीन लाखांचा हप्ता, अजून आठ वर्षं, म्हणजे चोवीस लाख. तुमच्याकडे एफडी अकरा लाखांची आणि नोकरी सुटल्यावर पीएफचे चार. पंधरा लाखांच्या माणसाने चोवीस लाखांचं बंधन गळ्यात घेतलंय, आणि मधलं अंतर भरून काढायला जोंगाला कामाला जुंपलंय. पहिल्या गाडीला तुम्हाला सहा वर्षं लागली. आता वर्षाला दोन?

तेव्हा तिसरा हप्ता भरू नका. आणि रागाच्या भरात पॉलिसी सरेंडरही करू नका, म्हणजे मधेच मोडून पैसे काढू नका. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केली तर किमान हमी भरलेल्या रकमेच्या तीस टक्क्यांची, म्हणजे सहा लाखांचे एक लाख ऐंशी हजार. त्याऐवजी पॉलिसी पेड-अप करा. पुढचं भरणं बंद, आणि दहापैकी दोन हप्ते भरलेत म्हणून मिळकतही सर्वसाधारणपणे त्या प्रमाणात: २०३५ पासून दरवर्षी साधारण एक लाख, दहा वर्षं. आज हातात येणाऱ्या एक लाख ऐंशी हजारांपेक्षा हे खूपच बरं. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा, तोंडी नको. सरेंडरचा आकडा चार लाखांच्या पुढे निघाला तर मला कळवा, मग पुन्हा मांडून बघू.

तुम्हाला "पॉलिसी लॅप्स होईल" म्हणून फोन येतील. येऊ द्या. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते आणि बंद पडलेली पॉलिसी पाच वर्षांत पुन्हा चालू करता येते, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. फसवणुकीची तक्रार कंपनीकडे लेखी करा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं, फी लागत नाही. पेन्सिलने लिहिलेला तो कागद जपून ठेवा. फार आशा मात्र धरू नका: छापील तक्त्यावर तुमची सही आहे.

आता पंधरा लाखांचं काय. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठाव्या वर्षी सुरू होते असं सगळे समजतात. संरक्षण दलातून निवृत्त झालेल्यांना ती पन्नाशीपासून खुली आहे, आणि हे तुम्हाला बँकेत कुणी सांगितलं नाही, कारण त्यात कुणाला सांगण्याजोगं कमिशन नाही. हे लिहिताना व्याज ८.२ टक्के आहे. दहा लाख ठेवा: वर्षाला ८२ हजार, दर तीन महिन्यांनी साडेवीस हजार खात्यात. पाच हजारांची तूट भरून महिन्याला दीड-दोन हजार उरतात. तीन लाख अडीअडचणीला बाजूला. राहिले दोन. ते तुमच्या हौसेचे, त्यावर मी बोलणार नाही.

म्हणजे थोडं बोलेनच. जोंगातला दीड लाखांचा "नफा" काढताना तुम्ही शेडचं भाडं धरलेलं नाही. दीड हजार महिना, सहा वर्षं: एक लाख आठ हजार. उरले चाळीसेक हजार, आणि त्यातून जबलपूर, दिल्लीच्या सुट्या भागांसाठीच्या फेऱ्या, विमा, ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद पोचवणारी गिअरची पेटी) दोनदा उघडली तेव्हाचा खर्च जायचाय. तुमचे रविवार तर फुकटच धरलेत. हा धंदा नाही हो, आणि असण्याची गरजही नाही. तुम्ही मूळचं चार लिटरचं पेट्रोल इंजिन ठेवलंत, लिटरला चार-पाच किलोमीटर देतं म्हणून भुरळ पडून कुठलं तरी डिझेल इंजिन बसवलं नाहीत, याचं मला कौतुक वाटतं. आरसीवरचा इंजिन नंबर जुळतो अशा जोंगा आता शोधाव्या लागतात.

पण आरसी अजून पंजाबातल्या आधीच्या मालकाच्या नावावर आहे, हे तुम्ही तिसऱ्या पानावर कंसात लिहिलंय! नऊ लाख त्या फोनवाल्याने कागद बघून सांगितलेत की फोटो बघून? धोनीच्या दारात जोंगा उभी राहिल्यापासून भाव सांगणारे पुष्कळ झालेत, पैसे मोजणारे तेवढेच आहेत. आधी तिकडच्या आरटीओची एनओसी आणा, गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या, पंधरा वर्षांपुढची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरा. मग भाव विचारा. "व्हिंटेज करून घेतो" हाही उपाय नाही: २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षं व्हावी लागतात, तुमची गाडी १९८४ची. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही, त्यामुळे लग्नात वरातीला भाड्याने देण्याचा तुमचा दुसरा विचारही गेला. खासगी नंबरवर भाडं मारलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, ते वेगळंच.

निस्सान वन टनबद्दल दोनच ओळी, कारण उत्तर 'नको' आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या अधिकृत भंगार केंद्रात जाव्या लागतात. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामावरच्या चिलखती नि खास वाहनांना. लष्कराच्या लिलावातून "भंगार" म्हणून सुटलेल्या गाडीचा आरसी होत नाही, मग तुम्ही तिचा प्रत्येक नटबोल्ट नवा घाला. विकणाऱ्याकडे लिलावाचं रिलीज ऑर्डर मागा आणि त्यात 'भंगार' शब्द आहे का बघा. तो सापडेल अशी माझी पैज. (बाकी वाचकांसाठी: वर तोंड केलेल्या बाणाची नंबर प्लेट आणि कॅन्टीन कार्डचा फोटो पाठवून "बदली झाली, गाडी स्वस्तात काढतोय" म्हणणारा 'मेजर' ॲडव्हान्स मागत असेल, तर फोन ठेवा. हवालदारसाहेबांना हे सांगायला नको.)

ताजा कलममध्ये तुम्ही शेतावर चेतक हेलिकॉप्टरचा सांगाडा ठेवायचं लिहिलंय. तो उडणार नाही, विकला जाणार नाही आणि दर पावसाळ्यानंतर रंग मागेल. दोन लाखांत बसत असेल तर वहिनींना विचारा, मला नको.

आधी एक काम करा. हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी तुम्ही २०२४ मध्येच दिलेली आहे. फेब्रुवारी संपायच्या आत शाखेत जाऊन तो मॅन्डेट लेखी बंद करा आणि पोच घ्या. साहेब चहा मागवतील. चहा प्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.