साथ सांगितली की बजार बंद, मंग सांगायची काऊन?

प्रश्न : भाऊ, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात हाय. मागच्या पावसाळ्यात गावात हागवन-ओकारीची साथ आली, घरटी एक माणूस झोपेल. चार जाणते म्हणे आशाताईले सांगू नका, बजार बंद होते, पोराइच्या सोयरिकी मोडतीन. म्या सांगतलं. टीम आली, विहिरीचं पाणी खराब निघालं अन बजार खरंच तीन आठोडे बंद राह्यला. आता भाजीवाल्या बाया मले पाहून तोंड फिरवतात. माह्यं चुकलं का?

उत्तर : दादा, चुकलं नाही. पण त्या बायांचा राग पण खोटा नाही. तुम्ही सांगितल्यामुळं आसपासची गावं वाचली, अन बिल भरलं तुमच्या गावानं, त्यातही डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईनं. जाणत्यांचं काय गेलं?

हे गावापुरतं नाही बरं का. 1994 मध्ये सुरतला प्लेग आला, देशभरात मेले पन्नास-पंचावन लोक, पण आखाती देशांनी विमानं बंद केली, आपला माल घेणं थांबवलं, नुकसानीचा अंदाज दीड-दोन अब्ज डॉलरपर्यंत गेला. मग 2005 मध्ये सगळ्या देशांनी बसून नियम सुधारले, की गंभीर साथ दिसली तर 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं, अन बाकीच्यांनी उगाच व्यापार-प्रवास अडवायचा नाही. अडवला तर दंड? काहीच नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेनं इमानदारीनं ओमिक्रॉन सांगितला, तर दोन-तीन दिवसांत त्यांचीच विमानं बंद! तुमच्यासारखंच झालं की नाही.

आता लम्पी आठवा, 2022 चा. तेव्हा गुरांचे बजार बंदच होते, तरी जनावर आजारी पडलं की लोक स्वतः डॉक्टरला फोन लावत होते, लपवत नव्हते, कारण लस फुकट होती अन जनावर दगावलं तर गायीचे 30 हजार, बैलाचे 25 हजार, वासराचे 16 हजार मिळणार होते. पंचनाम्याला चकरा माराव्या लागल्या ते वेगळं. पण गावकरी काही रातोरात शहाणे झाले नव्हते, सांगणं परवडत होतं एवढंच.

अन भांडायचंच असेल तर त्या विहिरीवरून भांडा. 2022 च्या जुलैत चिखलदऱ्याकडं पाचडोंगरी-कोयलारीत कॉलऱ्यानं माणसं गेली, तेव्हा बातम्यांत आलं होतं की पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकलं म्हणून लाईन कापली होती, लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. बिल वाचवलं अन जीव गेले. ग्रामसभेत विचारा, पाण्याच्या तपासणीत आपल्या ग्रामपंचायतीला कार्ड कोणतं मिळालं, लाल म्हणजे धोक्याचं का हिरवं म्हणजे चांगलं? टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर कधी आणली, किती टाकली, ती टाकणारा जलसुरक्षक कोण? पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के पैसा पाणी अन स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, तो कुठं लागला? (रंगीत कमानीत लागला असेल तर आम्हालाही फोटो पाठवा.) हे विचारताना त्या भाजीवाल्या बायांना सोबत घ्या, बघा तोंड फिरवतात का.

प्रश्न : मी बजारात वांगे-टमाटे विकतो. साथीत सरकारनं बजार बंद केला तर नुकसानभरपाई भेटते का?

उत्तर : सहसा नाही भेटत. साथरोग कायदा 1897 चा आहे, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा, इंग्रजांनी घाईघाईत केलेला, अन अजून चालू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय की खर्च कोणी अन कसा भरायचा ते सरकार ठरवू शकते, त्यातच कंसात भरपाईचा शब्द पण आहे. पण त्याला लगेच जोडलंय : 'असल्यास'.