३८१६५४७२९० या संख्येत विशेष काय आहे?
या संख्येत ० ते ९ हे दहाही अंक एकेकदाच येतात. शिवाय डावीकडून पहिले दोन अंक घेतल्यास ३८ ला २ ने, तीन घेतल्यास ३८१ ला ३ ने, चार घेतल्यास ३८१६ ला ४ ने, असा दहापर्यंत नि:शेष भाग जातो. दोन्ही अटी पाळणारी दुसरी संख्याच नाही, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. १० च्या अटीमुळे शेवटी ० येतो, म्हणून पाचव्या स्थानी ५ च उरतो आणि सम स्थानी सम अंकच बसतात. खरी कसोटी ७ ची आहे. परभणीतील माझ्या शिकवणीत एका मुलीने फळ्यावर ३८१६५४७ ला ७ ने भागून ५४५२२१ हा भागाकार काढला आणि बाकी शून्य आली, तेव्हा सारा वर्ग आपापल्या वहीत तोच भागाकार पुन्हा करून पाहू लागला.