घरशाळेचा हिशोब: वाचतात 36 हजार, जातात साडेचार लाख

नागपुरातल्या मनीषनगरहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा यंदा सातवीत जाईल, मुलगी दुसरीत. घोकंपट्टी, व्हॅनमधली रोजची दगदग आणि त्यात मुलाचा दमा, या सगळ्यामुळे त्यांनी आणखी तीन कुटुंबांसोबत एक बेत आखलाय. मुलांना शाळेतून काढायचं, प्रतापनगरात दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, चारही घरांनी एकच अभ्यासक्रम वापरायचा आणि आयांनीच मिळून शिकवायचं. त्यासाठी ताई जूनमध्ये अकाउंट्सची नोकरी सोडणार आहेत. त्या विचारतात, "वर्षाला 36,000 वाचतात, वर सहा लाखांची एफडी आहे. जमेल ना?"

ताई, तुमची बेरीज चुकलेली नाही. दोघांची फी 1,16,000, व्हॅन 32,000, गणवेश-पुस्तकं-गॅदरिंग 22,000 आणि मुलाची शिकवणी 18,000, असे आज 1,88,000 जातात. गटात तुमच्या वाट्याला भाडं आणि वीज मिळून 51,000, गणित-विज्ञानाला येणाऱ्या सरांचे 40,000, अभ्यासक्रमाचे 36,000, साहित्य आणि सहली 20,000, किरकोळ 5,000, म्हणजे 1,52,000. फरक 36,000 चाच. पण या वहीत तुमच्या पगाराचं पान नाही.

तुमच्या हातात महिन्याला 41,000 येतात, वर्षाचे 4,92,000. बेसिक 24,000 आहे, त्यावर तुमचे 12 टक्के आणि कंपनीचे 12 टक्के धरले तर पीएफ-पेन्शनपोटी वर्षाला आणखी 69,000 जमा होतात. हे दोन्ही थांबणार. दुपारी मुलांकडे बघणाऱ्या मावशींचे 60,000 आणि पेट्रोलचे 18,000 वाचतील, शाळेतले 36,000 वाचतील. सगळी वजाबाकी करूनही वर्षाला जवळपास साडेचार लाखांचा फरक पडतो. घरशाळेची खरी किंमत ही आहे.

आता महिन्याचं बघू. साहेबांचे, म्हणजे तुमच्या यजमानांचे, 78,000 येतात. त्यातून घराचा हप्ता 29,500 गेला की उरले 48,500. घरखर्च तुम्ही 38,000 लिहिलाय, सासऱ्यांची औषधं धरून. गटाचा वाटा महिन्याला 12,700 च्या आसपास. म्हणजे इथेच 2,200 कमी पडले. मग 10,000 ची एसआयपी आणि लेकीच्या सुकन्या खात्याचे 3,000 कुठून भरणार? तूट 15,200 ची आहे. ती एफडीतून भरत गेलात तर सहा लाख तीन वर्षं आणि तीन-चार महिने पुरतील. तेव्हा मुलगा ऐन दहावीच्या वर्षात असेल. आणि तोवर महागाई वाढलेली नाही, घरात कुणी दवाखान्यात भरती झालेलं नाही, असं मी धरलंय.

त्यामुळे एफडीला हात लावायचा नाही. एका पगारावर आलेल्या घराला सहा महिन्यांचा खर्च वेगळा लागतो, हप्त्यासकट तो तुमच्या घरी 4,80,000 होतो. तुमची एफडी त्याहून फार जास्त नाही, ती तिथेच राहू द्या.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा माणूस नाहीच म्हणणार. तसं नाही. पत्रासोबत तुम्ही वेळापत्रकाचा फोटो पाठवलाय, तो मी बराच वेळ बघत बसलो. लांब वहीचं पान, चार रंगांच्या स्केचपेननी आखलेलं. गुरुवारच्या चौकटीत अजब बंगल्याचं संग्रहालय, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रमण विज्ञान केंद्र, आणि कोपऱ्यात बहुतेक लेकीनेच काढलेलं फूल. इतक्या मनापासून आखलेलं काम नुसतं आकड्यांनी मोडून टाकावं, असं मला वाटत नाही. पण त्याच पानावर मला तुमच्या अडचणीचं उत्तरही दिसलं. चारही आयांची नावं पाचही दिवशी लिहिली आहेत. सगळ्यांनी रोज कशाला यायचं?

रोज दोन मोठी माणसं हवीत, हे मान्य. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोघं, म्हणजे दहा पाळ्या. चार कुटुंबांत वाटल्या तर एका घराला अडीच दिवस येतात. उरलेले अडीच दिवस तुमचे. एकट्या घरात मुलांना शिकवणाऱ्या आईला हे कधीच मिळत नाही. चार घरं एकत्र आल्याचा मोठा फायदा मला भाड्याच्या वाटणीत दिसत नाही, या मोकळ्या दिवसांत दिसतो. तुम्ही अकाउंट्सच्या माणूस आहात. दुकानदारांची वह्या-खाती आणि जीएसटी रिटर्नचं काम अडीच दिवसांत बसतं. महिन्याला 15,000 मिळाले की तूट भरते. म्हणून माझी अट एकच: एवढ्या रकमेचं काम निदान तोंडी तरी ठरल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. आधी तुमच्याच ऑफिसात विचारा, अडीच दिवसांचं काम देतील का. माहीत असलेलं माणूस सोडायला मालकालाही जड जातं.

आणि जून नको, दिवाळी धरा. तुम्ही नोव्हेंबर 2021 मध्ये रुजू झालात. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. तुमच्या ऑफिसात साठ माणसं आहेत, म्हणजे तो कायदा लागू आहे. 24,000 ला 15 ने गुणा, 26 ने भागा, पुन्हा पाचने गुणा: 69,000 च्या वर रक्कम होते. जूनमध्ये उठलात तर त्यावर हक्क सांगता येणार नाही. सध्या सगळं भागून महिन्याला 16,000 उरतात, तेही सहा महिने साठतील. विदर्भात शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्या सत्राची फी भरा, मुलांना शाळेत जाऊ द्या आणि गट शनिवारी-रविवारी चालवून बघा. चार घरांचं कितपत जमतं, कोण वेळेवर येतं, कुणाच्या मुलाला कुणाच्या आईचं शिकवणं झेपत नाही, हे सगळं तेव्हाच कळेल.

नोकरी सुटली की पीएफ काढू नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. झालेल्या सेवेचा दाखला, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट, घेऊन ठेवा, पुढे पुन्हा नोकरीला लागलात तर ही पाच वर्षं त्यात जोडली जातील.

मुलाच्या दम्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आज तो तुमच्या कंपनीच्या ग्रुप विम्यात आहे. राजीनाम्यासोबत ते छत्र जातं. नवी पॉलिसी कोरी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे राजीनाम्याच्या आधीच, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा, म्हणजे भरलेली वर्षं धरली जातात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे. साहेबांचा टर्म इन्शुरन्स पत्रात दिसला नाही. घर एका पगारावर येणार असेल तर तो आधी, बाकी सगळं नंतर.

आयकरातली 80सी ची वजावट जाईल, ही साहेबांची शंका सोडून द्या. शाळेच्या ट्यूशन फीची सवलत जुन्या करप्रणालीत आहे, तुम्ही दोघंही नव्या प्रणालीत आहात.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण त्याचाही पैशाशी संबंध आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना दंड नाही. घरी शिकवण्याबद्दल हा कायदा काही बोलत नाही. मात्र मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे रोज दहा हजारांपर्यंत दंड त्यात आहे. म्हणून गटाला "विद्यालय" असं नाव देऊ नका, पाटी लावू नका, आणि भाड्याला हातभार म्हणून बाहेरची मुलं फी घेऊन अजिबात बसवू नका. चार घरांनी आपापल्या मुलांचा खर्च वाटून घेणं इतकंच ते राहू द्या.

पुढच्या परीक्षेचा रस्ता आहे. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाची दहावी 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा असतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्य मंडळाची दहावी हवी असेल तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा 17 नंबर फॉर्म आहे. या फॉर्मसाठी आणि पुढे जातीच्या दाखल्यासाठीही शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो शाळेतून निघतानाच घ्या आणि जपून ठेवा. परत शाळेत जायची वेळ आली तर वयानुसार वर्गात बसवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण खासगी शाळा नव्या प्रवेशाचे पैसे घेईल. ग्रॅच्युइटीचे 69,000 त्यासाठीच बाजूला ठेवा.

अभ्यासक्रम तुम्ही अमेरिकेतला निवडलाय, डॉलरमध्ये. त्याचा परवाना एका कुटुंबाचा आहे की गटाचा, ते पैसे भरण्याआधी वाचा. एका घराने घेऊन चौघांनी झेरॉक्स काढणं बरोबर नाही. माझं मत विचाराल तर बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आणि मुलाला परीक्षा शेवटी इथलीच द्यायची आहे. पहिलं वर्ष त्यावर काढलंत तर 36,000 मधले निदान 25,000 वाचतील.

शेवटी गटाचा करार. माझ्या ओळखीतल्या तीन घरांनी असंच एकत्र घर घेतलं होतं, करारनामा एकीच्या नावावर. वर्षाच्या आत दोघी बाहेर पडल्या. डिपॉझिट अडकलं, भाडं एकटीवर आलं, आणि एकेकाळी भिशीत एका पंगतीला बसणाऱ्या त्या बाया आज रस्त्यात दिसल्या तरी मान वळवतात. तुमच्या गटाचं भाडं, वीज आणि सरांचे मिळून महिन्याला 30,300 च्या आसपास होतात. चौघांत साधारण 7,600, तिघांत 10,100, दोघांत 15,200. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक घराने 25,000 जमा करावेत आणि कागदावर लिहावं की जो सोडेल त्याने तीन महिने आधी सांगायचं, नाहीतर त्याचे 25,000 गटाकडे राहतील. भाडेकरारावर चारही घरांची नावं घ्या. पैसे दोघांच्या सहीच्या खात्यात ठेवा, कुणा एकीच्या यूपीआयवर नको. उन्हाळ्यात दोन कूलर चालणार, त्यांची वीज वेगळी धरा, तुमच्या 3,000 च्या सरासरीत ती बसणार नाही.

आणि चौथ्या घरातले दादा बँकेत आहेत, बदलीची नोकरी, असं तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात. त्यांची बदली यंदा आहे का, हे खोल्यांचं टोकन देण्याआधी विचारा.