कला म्हणजे स्वतःच्या भावना व्यक्त करणं, असं मला वाटतं. टॉलस्टॉयचं मतही हेच आहे का?

नाही, तुमचं मत त्याच्या अर्ध्या वाटेपर्यंतच जातं. तुमच्या लेखी भावना बाहेर पडली की कला झाली. टॉलस्टॉयच्या लेखी तीच भावना समोरच्याला संसर्गासारखी लागावी लागते. ‘कला म्हणजे काय?’ या पुस्तकात त्याने लांडगा भेटलेल्या मुलाचं उदाहरण दिलंय. मुलगा घाबरून ओरडला, ती कला नव्हे. नंतर तो प्रसंग सांगताना त्याने ऐकणाऱ्यांच्या मनात तीच भीती जागी केली, तर ती कला. मग लांडगा त्याने कल्पनेतला घेतला असला तरी चालेल! ठाण्यात आमच्या वाचनगटात हे पुस्तक वाचताना मला गडकरी रंगायतनची बाल्कनी आठवत होती. रंगमंचावर नट हुंदके देतोय आणि वरचा प्रेक्षक कोरडाच बसलाय, तर तुमच्या व्याख्येत ती कला ठरेल, त्याच्या नाही. मात्र तुमचं आणि त्याचं एका बाबतीत घट्ट जुळतं: भावना कलावंताची स्वतःची, खरी हवी. ही अट तो सर्वांत महत्त्वाची मानतो. फक्त त्याची व्याख्या घेताना त्याचे निवाडेही स्वीकारू नका. भावना धार्मिक किंवा सगळ्या माणसांना जोडणारी हवी, अशी आणखी एक कसोटी लावून त्याने बेथोव्हनची नववी सिंफनी नाकारली आणि स्वतःच्या बहुतेक कथा-कादंबऱ्याही वाईट कलेत टाकल्या.